दिवा लागत नव्हता म्हणून मी खूश होतो

गाडीत नवा अल्टरनेटर (इंजिन चालू असताना वीज बनवून बॅटरी भरणारं यंत्र) बसवला आणि चौथ्या दिवशी सकाळी चावी फिरवली, तर बोनेटखालून नुसतं ‘टक टक टक टक’. सेल्फ फिरेना, मीटरचे काटे थरथरतायत, आतला दिवा विझू की नको करतोय. उतरून दोन मिनिटं गाडीकडे बघत उभा राहिलो. असा आवाज कधी ऐकावा लागू नये म्हणून तर अख्खा रविवार बोनेटमध्ये डोकं घालून काढला होता.

गाडी जुनी आहे, पेट्रोलची, 14 वर्षं झालेली. तिची चार्जिंगची मांडणी अगदी साधी. अल्टरनेटरच्या मागून एक जाड वायर निघते, तिला बी प्लस म्हणतात. ती मोठ्या फ्यूजमधून थेट बॅटरीच्या प्लसला जाते. दुसरी बारीक वायर, डी प्लस. ती डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या लाल दिव्याकडून येते आणि एका छोट्या प्लगने अल्टरनेटरला जोडलेली असते. संपलं. नव्या गाड्यांमध्ये किती व्होल्ट काढायचे हे इंजिनचा कॉम्प्युटर अल्टरनेटरला सांगतो, तिथे दिव्याचं काम वेगळ्या रीतीने चालतं. मी लिहितोय ते या साध्या मांडणीबद्दल.

मूळ तक्रार अशी होती की रात्री हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर एकदम चालू असले की हेडलाइट पिवळट पडायचे. आणि तो लाल दिवा अगदी मंद पेटायचा. इतका मंद की दिवसा कळणारही नाही, पण अंधारात राखेखालच्या निखाऱ्यासारखा दिसायचा. मी बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावला. इंजिन चालू, बाकी सगळं बंद: 13.7 व्होल्ट. सगळं चालू केलं: 12.3. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट मिळायला हवेत एवढं ज्ञान होतं. मग काय, अल्टरनेटर थकला. एका जागी एकदा मीटर टेकवून मी हा निकाल देऊन टाकला आणि रिकंडिशन केलेला अल्टरनेटर घेऊन आलो.

बसवताना एक गोष्ट नीट केली, आधी बॅटरीचा मायनस काढला. बी प्लसची वायर इंजिन बंद असतानाही जिवंत असते. पाना तिथे असताना त्याचं दुसरं टोक बॉडीला लागलं तर मोठी ठिणगी उडते आणि मुख्य फ्यूज तरी जातो, नाहीतर पाना तरी चिकटतो. बाकी काम म्हणजे बेल्ट ढिला करा, दोन बोल्ट काढा, जुना बाहेर, नवा आत. जाड वायरीच्या टोकाचा लग, म्हणजे बोल्टवर बसणारी धातूची कडी, पुसला, नट आवळला. बारीक वायरीचा प्लग मात्र अशा कोपऱ्यात होता की हात जायचा पण डोळा जायचा नाही. चाचपून दाबला. बसला असं वाटलं.

चावी फिरवली, इंजिन चालू झालं, लाल दिवा बंद. हुरूप आला म्हणून गाडी चांगली दोन-तीनदा रेझ केली आणि मग मीटर लावला. 13.7. नव्याचेही तेवढेच का आले, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. पण दिवा विझलेला होता, गाडी चालू होती आणि मी दमलो होतो. बोनेट लावून टाकलं.

सोमवार ते बुधवार गाडी रोज ट्रॅफिकमधून रांगत गेली-आली. गुरुवारी ती टकटक.

बॅटरी मोजली: 11.8. शिसे-आम्लाची 12 व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली आणि निवांत असेल तर 12.6 च्या आसपास दाखवते. 12.2 म्हणजे निम्मी रिकामी, 11.8 म्हणजे तळाला गेलेली. ती काढून रात्रभर चार्जरवर ठेवली. हे मी आता नेहमी पहिल्यांदा करतो. रिकामी बॅटरी जोडून चार्जिंग तपासायला बसलं की प्रत्येक आकडा शंकेचा होतो, आणि मेलेली बॅटरी एकट्याने भरून काढायला लावून अल्टरनेटरही उगाच तापवला जातो.

दुसऱ्या दिवशी बॅटरी जोडली. इंजिन स्लोवर, मीटर बॅटरीवर: 12.4, आणि हळूहळू खाली चाललेला. मीटरचा एक प्रोब (टोकदार काडी) अल्टरनेटरच्या बी प्लसवर, दुसरा बॉडीला: तेही 12.4. म्हणजे अल्टरनेटर काहीच देत नव्हता. नवाच खराब निघाला म्हणायचा. रिकंडिशन केलेल्या मालात असं होतं, ऐकून होतो. शेजाऱ्यांनी येऊन सल्लाही दिला की इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून बघ, बंद पडलं तर अल्टरनेटर गेला समज. जुन्या लोकांची ही आवडती परीक्षा आहे. मी हात जोडले. चालू अल्टरनेटरवरून बॅटरी अचानक सुटली तर व्होल्टेजची उसळी 14 वर थांबत नाही, चांगली 40 च्या पलीकडेही जाऊ शकते. मग त्याच्या आतले एसीची डीसी करणारे डायोड, व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर आणि गाडीतलं जे काही इलेक्ट्रॉनिक असेल ते सगळं पणाला लागतं.

नवा अल्टरनेटर परत काढायच्या बेतात होतो. मुलगा आत स्टिअरिंगवर बसला होता, त्याला म्हटलं बंद कर. त्याने बंद करायच्या आधी उगाच अ‍ॅक्सिलरेटर दाबला. माझा प्रोब तेव्हा बी प्लसवर होता. 12.4 वरून आकडा एकदम 14.3 वर गेला. त्याने पाय काढला, इंजिन स्लोवर आलं, आकडा 14.3 वरच.

“परत बंद करून चालू कर,” म्हटलं. केली. 12.4.
“आता हळूहळू रेझ कर.”

आरपीएमचा काटा 3,000 च्या आसपास गेला की आकडा उडी मारायचा, आणि मग गाडी बंद करेपर्यंत तिथेच राहायचा. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच. रविवारी मी रेझ केल्यावर 13.7 का आले, आणि ट्रॅफिकमध्ये 2,000 च्या वर न गेलेल्या गाडीची बॅटरी का बसली, दोन्ही इथे जुळलं. का होतंय हे मात्र कळेना. गाड्यांची वायरिंग करण्यात जन्म घालवलेले एक काका ओळखीचे आहेत, त्यांना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं.

“चावी ऑन केल्यावर, सेल्फ मारायच्या आधी, बॅटरीचा दिवा लागतो का?”
“नाही काका, दिव्याचा त्रास गेलाय. नवा टाकल्यापासून एकदाही लागला नाही.”
“ऑइलचा लागतो?”
“हो.”
“म्हणजे ऑइलचा लागतो, बॅटरीचा लागत नाही. आणि तू खूश.”

मी गप्प.

अल्टरनेटरच्या आत फिरणारा जो रोटर असतो तो कायमचा लोहचुंबक नाही, त्यावर तारेची गुंडाळी असते. तिच्यातून करंट गेला तर तो चुंबक होतो आणि मगच बाहेरच्या गुंडाळ्यांमध्ये वीज तयार होते. एकदा वीज तयार व्हायला लागली की अल्टरनेटर स्वतःच्या रोटरला स्वतःच करंट पुरवतो. पण सुरुवातीचा घोट बाहेरून द्यावा लागतो, आणि तो त्या लाल दिव्यातून, बारीक वायरीने जातो. चावी ऑन केली की बॅटरीतून निघालेला करंट दिव्यातून, डी प्लसमधून, फिरत्या रोटरला टेकलेल्या ब्रशवरून रोटरमध्ये आणि रेग्युलेटरमार्गे अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला, जातो. म्हणून दिवा लागतो. इंजिन चालू झालं की डी प्लसवर बॅटरीइतकेच व्होल्ट येतात, दिव्याच्या दोन्ही बाजू सारख्या होतात आणि तो विझतो. माझ्या गाडीत तो पहिला घोटच जात नव्हता. रोटरच्या लोखंडात जुनं थोडंसं चुंबकत्व उरलेलं असतं, त्याच्या जोरावर 3,000 च्या पुढे तो स्वतःहून जागा होत होता.

मी काकांना सांगितलं की बारीक वायर तपासलीय, प्लग काढून आत प्रोब घातला, चावी ऑन, 12 व्होल्ट आहेत, वायर चांगली आहे.

“मीटरला करंट किती लागतो? काहीच नाही. दिवा लावून दाखव म्हणावं तिला. अर्थ कर.”

प्लग काढलेला ठेवून एक पातळ वायर त्याच्या आतल्या पिनला लावली आणि दुसरं टोक इंजिनच्या उघड्या बोल्टला. डॅशबोर्डवर लाल दिवा लख्ख. (हे फक्त दिव्यातून येणाऱ्या बारीक वायरीला चालतं, मध्ये दिवा असल्यामुळे करंट मर्यादित राहतो. जाड वायर अशी अर्थ केली तर वेल्डिंगच होईल.) म्हणजे बल्ब ठीक, वायर ठीक. प्लग परत दाबला, दिवा गेला. मग प्लगच्या पिनपासून अल्टरनेटरच्या टर्मिनलपर्यंत बाहेरून तुकडा जोडून बघितला, दिवा लागला. ब्रश आणि रोटरही ठीक. दोष राहिला तो दोघांच्या भेटीत.

प्लग ओढून उजेडात आणला, टॉर्च मारला आणि सरळ समोरून आत बघितलं. आतली पितळी पिन प्लगच्या तोंडाशी असायला हवी ती तीन-चार मिलिमीटर आत गेलेली. तिच्या पाठीवर जी बारीक जीभ असते, प्लास्टिकच्या खाचेत अडकणारी, ती चपटी झाली होती. रविवारी मी डोळे मिटून प्लग दाबला तेव्हा अल्टरनेटरच्या पात्याने पिनला मागे ढकललं होतं. प्लास्टिक बसलं, धातू बसलाच नाही. आणि माझा टोकदार प्रोब आतपर्यंत पोचत असल्यामुळे मला 12 व्होल्ट दिसत होते. सुईने पिन मागून बाहेर काढली, जीभ किंचित उचलली, परत घातली. बारीकसा ‘टिक’ झाला. या वेळी आरसा धरून प्लग लावला.

चावी ऑन, दिवा लागला. सेल्फ मारला, दिवा विझला. स्लोवरच 14.3.

काम झालं असं समजून मी हात धुतले. त्याच संध्याकाळी अंधार पडल्यावर गाडी काढली, लाइट लावले, ब्लोअर, हीटर. आणि तो निखारा परत दिसला. तसाच मंद, त्याच जागी. अल्टरनेटर नवा, निखारा जुनाच.

खरं सांगायचं तर या वेळी चिडलो नाही. सकाळी दिव्याचं गणित समजलं होतं, तेच पुढे चालवलं. दिव्याच्या एका टोकाला बॅटरीकडचे व्होल्ट, दुसऱ्या टोकाला अल्टरनेटरकडचे. सारखे असतील तर दिवा पूर्ण विझलेला असायला हवा. मंद पेटतोय म्हणजे दोन्हीकडे फरक आहे, आणि लोड वाढल्यावर पेटतोय म्हणजे लोडबरोबर फरक वाढतोय. महिनाभर तो हेच दाखवत होता.

दुसऱ्या दिवशी सगळं चालू ठेवून मोजलं. अल्टरनेटरवर 14.1, बॅटरीवर 12.3. मध्ये 1.8 व्होल्ट कुठेतरी जिरत होते. सगळं बंद केलं की 14.3 आणि 13.7. पहिल्या दिवशीचे माझे दोन आकडे हेच होते. तेव्हा तिसरा आकडा घेतला असता, अल्टरनेटरच्या मागचा, तर हा लेखच लिहावा लागला नसता.

आता यात गंमत अशी की ही जाड वायरही मी ‘तपासली’ होती. इंजिन बंद असताना बी प्लसवर बॅटरीइतकेच 12.4 व्होल्ट येतात, म्हणजे फ्यूज आणि वायर शाबूत, असं मी धरलं होतं. फ्यूज शाबूत हे खरं. पण करंट वाहत नसेल तर एका तारेवर लोंबकळणारी वायरसुद्धा पूर्ण व्होल्ट दाखवते. पिनच्या वेळी फसलो तसाच इथेही, त्याच मीटरने, त्याच पद्धतीने.

मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवून एक प्रोब अल्टरनेटरच्या बी प्लसच्या बोल्टवर कायम धरला. दुसरा बॅटरीच्या प्लसवर: 1.8. दुसरा फ्यूजच्या बॅटरीकडच्या बाजूला: 1.7. फ्यूजच्या अलीकडे: 1.6. म्हणजे फ्यूज आणि बॅटरीच्या टोकाचा वाटा मिळून 0.2, बाकी सगळं वायरीत. या पूर्ण रस्त्यात लोडवर 0.2, फार तर 0.3 जावेत. अर्थची बाजूही बघून टाकली, अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचा मायनस: 0.06. तिथे मला शंका होती, कारण नव्या अल्टरनेटरला त्यांनी बोल्ट जातात त्या कानांसकट चंदेरी रंग फासला होता आणि रंगातून अर्थ जात नाही. पण बोल्टने रंग चिरून जागा केली होती. मीटर एसीवर टाकून अल्टरनेटरच्या डीसीत उरलेली एसीची लहर मोजली तर 0.03 व्होल्ट. डायोडही बरे.

राहिली वायर. हाताने चाचपून गरम जागा शोधावी तर इंजिनच इतकं तापलेलं की सगळंच गरम. शेवटी बारीक टाचणी लगपासून चार बोटांवर वायरीच्या रबरात खुपसली आणि बोल्ट ते टाचणी मोजलं. 1.5 व्होल्ट. मीटरभर वायरीतले 0.1, आणि चार बोटांतले 1.5! साधारण 40 अँपिअर करंट धरला तर त्या एका लगमध्ये 60 वॅट नुसते उष्णतेत चालले होते. सोल्डरिंगच्या मध्यम आयर्नएवढे.

हा तोच लग, जो मी रविवारी काढला, फडक्याने पुसला आणि परत आवळला. वरून चकचकीत. बॅटरीचा मायनस काढून त्यावरची काळी टेप सोलली. आत कुणीतरी कधीकाळी पक्कडीने चेपलेला लग, टेपमध्ये पाणी शिरलेलं, हिरवी भुकटी. वायर जराशी वाकवली तर तांब्याच्या काळ्या पडलेल्या तारा वाळक्या गवतासारख्या तुटून हातात आल्या. निम्म्याही शाबूत नव्हत्या. आणि मी नवा अल्टरनेटर घालताना वायर वाकवून अजून चार तोडल्या असणार.

पाच सेंटिमीटर मागे कापून बघितलं, आतलं तांबं काळंच. अजून पाच, तरी काळं. मग वायर लांबीला पुरेना, म्हणून पूर्ण वायरच बदलली. 16 चौरस मिलिमीटरची, जुन्या वाटेनेच, सायलेन्सरच्या पाइपपासून लांब. लग तांब्याचे, षट्कोनी दाबणाऱ्या क्रिम्पिंगच्या हत्याराने चेपले आणि वर आतून गोंद असलेली स्लीव्ह तापवून बसवली. सोल्डर केलं नाही. सोल्डर तारांमधून वर चढतो, तेवढा भाग कडक होतो आणि थरथरीने वायर बरोबर त्याच्या कडेला तुटते. फ्यूज जिथल्या तिथे ठेवला. तो वगळून सरळ वायर टाकलेल्या गाड्या मी बघितल्यात. चालतात, जळेपर्यंत.

सगळं चालू, इंजिन स्लोवर: अल्टरनेटर 14.2, बॅटरी 14.0. रात्री मुद्दाम अंधारात गाडी उभी करून, डॅशबोर्डवर हाताचा आडोसा धरून पाच मिनिटं त्या लाल दिव्याकडे बघत बसलो. काळाकुट्ट.

जुना अल्टरनेटर अजून घरीच होता. तो घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी बेंचवर लावला, दिवा जोडला, फिरवला, हेडलाइटचे चार बल्ब लोड म्हणून टाकले. 14.2. अजून दोन बल्ब टाकले. 14.1.

“याला काढलंस कशाला?” त्यांनी विचारलं.

ब्रश निम्मे झिजले होते, तेवढे बदलून घेतले. कपाटात वरच्या फळीवर आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.